दहा सेंटिमीटर पाण्याएवढी हवा

जुलै उजाडला की राधानगरीत एकच चौकशी सुरू होते: पाणी किती झालं? स्टँडवर तीच, चहाच्या टपरीवर तीच, कोल्हापूरच्या पेपरातही तीच. पातळी ३४७.५ फुटांवर गेली की धरणाचे दरवाजे उघडायला लागतात आणि खाली भोगावतीकाठची गावं सावध होतात. हे सात दरवाजे कुणी बटण दाबून उघडत नाही. त्यांना वीज लागत नाही, माणूसही लागत नाही. पाणी चढलं की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि उतरलं की आपले आपण मिटतात. एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, पण तेव्हापासून पाण्याचा दाब काय करू शकतो हे इथल्या शाळकरी पोरालाही पुस्तक न उघडता कळतं.

म्हणूनच मला वाटतं, सीपॅप नावाचं यंत्र समजून घ्यायला राधानगरीइतकी सोयीची जागा नाही. झोपेत घसा मिटून श्वास अडकणाऱ्या माणसाच्या उशाशी हा एक डबा असतो, त्यातून एक नळी निघते आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क असतो. रात्रभर तो हवा सोडत राहतो. त्याच्या पडद्यावर ‘१०’ असा आकडा दिसतो. दहा काय? घरातल्या कुणाला विचारलं तर ‘नंबर आहे डॉक्टरांनी दिलेला’ एवढंच उत्तर मिळतं. तो आकडा पाण्याचा आहे. दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या तळाशी जेवढा दाब असतो, तेवढाच दाब हवेने घशात धरून ठेवायचा. घरगुती यंत्रं साधारणपणे चार ते वीस सेंटिमीटरपर्यंत चालतात. धरणाचं पाणी फुटात मोजायचं आणि घशाची हवा पाण्याच्या सेंटिमीटरात, एवढाच काय तो फरक.

दहा सेंटिमीटर म्हणजे किती, हे अंगावर अनुभवायचं असेल तर उसाच्या रसाच्या उंच ग्लासात स्ट्रॉ तळापर्यंत घालून फुंकर मारा. बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो, जवळजवळ तेवढाच हा दाब. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या वातावरणाचा दाब याच मापात सुमारे १०३३ सेंटिमीटर भरतो. म्हणजे हे यंत्र त्याच्या शंभराव्या भागाएवढीच भर घालतं, आणि तेवढ्याने एका माणसाचा रात्रीत शंभरदा अडकणारा श्वास मोकळा होतो. यंत्र बिघडलं म्हणजे नेमकं काय बिघडतं, तेही या आकड्यातच आहे. याचं काम एकच, पाण्याच्या काही सेंटिमीटरांएवढा दाब टिकवणं. तो टिकत नसेल तर हवा कुठेतरी अडली आहे, कुठेतरी निसटते आहे, नाहीतर ती ढकलणाऱ्या मोटारीला वीज नीट मिळत नाही. चौथं कारण क्वचितच निघतं.

आधी घशाकडे बघू. नाकात हाड आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत, पण मधला घसा मात्र नुसत्या मांसाचा. जागेपणी तिथले स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग लोंबतो आणि श्वास आत ओढताना तयार होणाऱ्या शोषणानेच ती मऊ नळी चपटी होते. थोडी चपटी झाली तर घोरणं, पूर्ण मिटली तर श्वास बंद. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त बंद राहिला की डॉक्टर त्याला एक झटका मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतं. तीसच्या वर गेले तर आजार तीव्र. झोपलेल्याला यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपणाऱ्याला: घोरण्याचा गडगडाट, मग भीती वाटावी अशी शांतता, मग एकदम हिसका देऊन घेतलेला श्वास. ‘गाढ झोपलेत हो, घोरतात कसे बघा’ असं आपण कौतुकाने म्हणत आलो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि डॉक्टरांनी कारण सांगताना या आजाराचं, म्हणजे स्लीप अॅप्नियाचं, नाव घेतलं, तेव्हा कितीतरी घरांत ते पहिल्यांदा ऐकलं गेलं.

१९८० पर्यंत यावर एकच खात्रीचा इलाज होता, गळ्याला भोक पाडणं. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरने वेगळा विचार केला. झोपेतला श्वास कसा चालतो याचा अभ्यास त्याने आधी कॅनडात कुत्र्यांवर केला होता. घसा आतल्या शोषणाने मिटतो ना, मग नाकातून थोडी हवा दाबून आत ठेवली तर? मास्क नाकाला चिकटवावा लागे आणि हवेचा पंप चांगलाच दणकट व आवाज करणारा होता. पण रुग्ण झोपला, दाब वाढवला आणि घसा उघडा राहिला. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. त्यात लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर. एवढ्याशा दाबाने हे साधतं, याचं खुद्द डॉक्टरांनाही नवल वाटलं असणार.

त्याच्या दहा वर्षं आधीच हीच युक्ती तान्ह्या बाळांवर वापरली गेली होती. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांना हवेच्या दाबाचा आधार दिला. आजही नवजात बाळांच्या विभागात एक साधी रचना दिसते: बाळाच्या नाकातून निघालेल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेलं असतं आणि तिथून बुडबुडे येत असतात. नळी जितकी खोल, तितका दाब. त्यासाठी मोटार लागत नाही, पडदा लागत नाही.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. २०२१ च्या कोरोनानंतर घराघरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, तेव्हापासून हवा सोडणाऱ्या प्रत्येक डब्याला लोक ऑक्सिजनचं मशीन म्हणतात. सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा घेतं आणि दाबून पुढे ढकलतं. त्यामुळे यंत्राच्या तक्रारीची सुरुवात खोलीपासून करायची.

हवा जशी जाते, तसंच आपण मागून पुढे जाऊ. डब्याच्या मागे किंवा कडेला एक छोटं झाकण असतं आणि त्यात फिल्टर. मास्कला श्वास सोडण्यासाठी बारीक भोकं असतात. दाब दहा असेल तर त्यांतून मिनिटाला तीस लिटरच्या आसपास हवा बाहेर जात राहते. आठ तासांत चौदा हजार लिटर झाले. दहा बाय दहाच्या खोलीतली जवळजवळ अर्धी हवा त्या बोटभर फिल्टरमधून रोज रात्री जाते! त्यात चुलीचा धूर असतो, उदबत्ती असते, गोधडीची धूळ असते, मांजराचे केस असतात आणि पावसाळ्यात भिंतीवर धरलेली बुरशीही असते. फिल्टर काळा पडला की मोटार जास्त जोराने फिरते, आवाज वाढतो, आणि ‘मशीन म्हातारं झालं’ म्हणून लोक ते घेऊन कोल्हापूर गाठतात. पांढरा बारीक फिल्टर धुवायचा नसतो, तो महिन्याला बदलायचा. स्पंजचा असेल तर धुऊन पूर्ण वाळवून बसवायचा. ओला बसवलात तर हवेबरोबर ओलावाही आत जातो.

त्यापुढे मोटार. तिच्यावरची चकती नाण्यापेक्षा थोडी मोठी, पण मिनिटाला हजारो फेरे घेते आणि शेजारचा संवेदक सेकंदात कितीतरी वेळा दाब तपासतो. तुम्ही श्वास आत घेतला की दाब किंचित पडतो, मोटार लगेच वेग वाढवते. श्वास सोडला की कमी करते. धरणाचे दरवाजे पाणी चढल्यावर उघडतात, हे यंत्र दाब उतरल्यावर जोर लावतं. राखणदारी दोघांची सारखीच. म्हणून मोटारीचा आवाज श्वासाबरोबर हलका वरखाली होतो, तो बिघाड नव्हे. एकसुरी घरघर, खडखड किंवा जळकट वास मात्र वेगळा. तिथे घरच्या शहाणपणाची हद्द संपते. स्क्रू काढून डबा उघडायचा नाही.

पण मोटारीपर्यंत जायची वेळ फारच क्वचित येते. तक्रार बहुतेकदा मास्कपाशीच सुटते. ‘अहो, तुमचं मशीन फुसफुसायला लागलंय, माझ्या डोळ्यांवर वारा येतोय,’ अशी तक्रार मध्यरात्री येते आणि झोपेतच हात पट्ट्याकडे जातो. पट्टा आवळला जातो आणि फुसफुस आणखी वाढते. त्याचं कारण असं की मास्कची सिलिकॉनची कड दुहेरी असते. तिच्या आत हवा शिरते, ती फुगते आणि फुगूनच चेहऱ्याला चिकटून बसते. पट्टा आवळला की ती चपटी होते आणि तिचं कामच थांबतं. म्हणून मास्क आडवं पडून, यंत्र चालू ठेवून, पट्टा सैल करत बसवायचा आणि मग थोडा उचलून परत टेकवायचा, म्हणजे कड नीट फुगते. ही करामत बसून केली तर फसते, कारण आडवं झालं की गाल आणि जबडा जागचे हलतात.

चेहऱ्याचं तेल हा सिलिकॉनचा शत्रू. रोज कोमट पाणी आणि साध्या साबणाने कड धुतली तर मास्क बराच टिकतो. आणि कोल्हापूरचं म्हणून एक वेगळंच कारण: मिशा! झुबकेदार मिशी आणि नाकावरचा मास्क यांचं कधी जमत नाही. हवा केसांतून वाट काढतेच. मिशी काढा असं म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही, पण नाकपुड्यांत टेकणारे छोटे उशीसारखे मास्क मिळतात. ते मिशीच्या वर बसतात आणि भांडण मिटतं. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याची गोष्ट निराळी. सकाळी घसा कोरडा ठाक पडला असेल तर हवा नाकातून जाऊन तोंडातून निघून गेली, एवढं त्यावरून कळतं. त्याला हनुवटीचा पट्टा किंवा नाकतोंड झाकणारा मास्क लागतो.

मास्कच्या त्या बारीक भोकांबद्दल मात्र दमदाटी करूनच सांगायला हवं. ‘इथून हवा जाते’ म्हणून काही जण त्यांवर चिकटपट्टी लावतात. त्या भोकांतूनच सोडलेला श्वास बाहेर जातो. ती बुजवली तर माणूस आपलाच वापरलेला श्वास परत घेत राहतो. गळती कडेने होते का हे बघायचं. भोकांतली हवा हवीच.

नळी तपासायला सोपी. यंत्र चालू करून नळीवर साबणाचं पाणी बोटाने फिरवायचं. जिथे बुडबुडा फुगला तिथे चीर. ती बहुतेक दोन्ही टोकांच्या जोडाजवळ निघते, कारण ओढाताण तिथेच होते. उंदीर असलेल्या घरात ती कुठेही निघते. नळी नवी आणायची तर जुनीच्याच मापाची आणा. जुनी २२ मिलिमीटरची असेल आणि तुम्ही हलकी म्हणून १५ ची जोडली, तर बारीक वाटेत दाब खर्च होतो आणि नाकापर्यंत कमी पोचतो. पडद्यावर मात्र आकडा तोच दिसत राहतो, कारण यंत्र दाब आपल्या तोंडाशी मोजतं आणि नळीत किती घटणार याचा हिशेब मनाशी धरतं. म्हणून बऱ्याच यंत्रांत नळी कोणती आणि मास्क कोणता हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ते सांगितलं नाही तर यंत्र कागदावर बरोबर आणि घशात चूक.

आता पावसाळा. राधानगरीच्या जुलैतल्या रात्री खोलीत वाळत घातलेला टॉवेल सकाळी जास्तच ओला वाटतो. अशा हवेत यंत्राची पाण्याची टाकी, म्हणजे ह्युमिडिफायर, हिवाळ्याइतक्याच जोराने चालू ठेवली की गरम दमट हवा थंड नळीत शिरते आणि तिथेच तिचं दव होतं. मध्यरात्री नळीत गुळगुळ आवाज येतो, नाकावर थेंब उडतो आणि दाब हिसके देतो. ‘मशीनमध्ये पाणी शिरलं’ म्हणून घरभर धावपळ. यावर उपाय फुकटचे आहेत: गरमी कमी करायची, भर पावसात ती सरळ बंद केली तरी चालतं, डबा गादीपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे दव ओघळून टाकीत परत जातं, नळी पांघरुणाखालून घ्यायची किंवा तिला कापडाची गवसणी शिवायची. खरं पाणी आत जातं ते वेगळ्याच वेळी: भरलेली टाकी तशीच ठेवून यंत्र उचललं, तिरपं केलं, गाडीत घातलं. मोटार वाचवायची असेल तर आधी टाकी काढा, मगच डबा हलवा.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. एक भाग व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी घालून ठेवलं की तो सुटतो. गॅरेजात मिळणारं ‘बॅटरीचं पाणी’ क्षार नसलेलं असलं तरी ते श्वासासाठी भरलेलं नसतं, त्याच्या वाटेला जाऊ नये. पाणी रोज बदलायचं, उरलेलं ओतून टाकायचं.

पावसाबरोबर दुसरी गोष्ट येते: लाईट जाणं. झाड पडतं, तार तुटते, आणि रात्री दोनला तो सततचा घूं थांबतो. अशा वेळी मास्क लावून पडलेल्या माणसाचं काय? नाकतोंड झाकणाऱ्या मास्कला एक छोटी झडप असते. दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. महिन्यातून एकदा ती हलते का, चिकट झाली नाही ना, एवढं बघायचं. नाकाचाच मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. बहुतेक घरगुती यंत्रं वीज गेल्यावर भोंगा वाजवत नाहीत, आणि परत आल्यावर सगळी आपोआप चालू होतीलच असंही नाही. आपलं काय करतं ते एकदा दिवसा, जागेपणी प्लग काढून बघून ठेवावं.

इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का हे बघा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर यंत्राचा अॅडॉप्टर तापतो, गुणगुणतो आणि एक दिवस मरतो. नुसती मोटार छताच्या पंख्यापेक्षाही कमी वीज खाते. जास्त खाणारा असतो टाकीखालचा तवा. लाईट नसताना तो बंद ठेवला की बॅटरी कितीतरी जास्त तास पुरते. यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर आधी अॅडॉप्टरवरचा दिवा पेटतो का बघायचं. पिन बसते म्हणून दुसऱ्या कशाचाही अॅडॉप्टर जोडायचा नाही. काही यंत्रं १२ व्होल्टवर चालतात, काही २४ वर, आणि पिनेला ते कळत नाही.

‘दाबच येत नाही, गुदमरतंय’ ही तक्रार तर यंत्राच्या चांगुलपणातून येते. झोप लागेपर्यंत त्रास नको म्हणून ते चारपासून सुरुवात करतं आणि पाऊण-एक तासात हळूहळू दहावर चढतं. याला रॅम्प म्हणतात. दहाची सवय झालेल्याला चार म्हणजे हवाच नाही असं वाटतं. रॅम्प बंद केला की तक्रार तिथेच मिटते.

मग दाब खरंच येतोय का, हे कोल्हापूरला पन्नास-पंचावन्न किलोमीटर न जाता कसं कळणार? ज्याला हात लावून बघायची खोड आहे त्याच्यासाठी एक प्रयोग आहे, आणि त्याचं साहित्य गवंड्याकडे असतं. दोन भिंतींची उंची जुळवायला तो पारदर्शक नळी वापरतो ना, लेव्हलची, तिचा दोन हात लांब तुकडा घ्यायचा. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवायची, दोन्ही बाजू फूटभर उंच ठेवायच्या, अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं आणि शेजारी पट्टी चिकटवायची. दोन्हीकडे पाणी सारखं दिसेल. यंत्राच्या नळीच्या तोंडाला एक बूच, त्यात दोन भोकं: एकात ही लेव्हलची नळी, दुसरं श्वासासारखं मोकळं. यंत्र पाण्याच्या वर ठेवायचं, रॅम्प बंद करायचा आणि सुरू करायचं.

एका बाजूचं पाणी खाली दबतं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. पाच सेंटिमीटर खाली, पाच वर. दोन पातळ्यांत अंतर दहा! पडद्यावर लिहिलेलं पट्टीवर उतरतं. आणि खरी गंमत पुढे आहे. मोकळ्या भोकावर आधी बोट अर्धवट टेकवून मग ते थोडं सरकवून हवेला जास्त वाट दिली की पाणी क्षणभर लुटकन पडतं आणि मोटारीचा सूर चढतो तसं परत जागेवर येऊन उभं राहतं. भोक आणखी मोठं केलं तर मोटार पुरी पडत नाही, पाणी सातवर, सहावर अडतं. मास्क गळत असेल तेव्हा घशात नेमकं हेच होत असतं. छोटं भोक असूनही दहाचे सात-आठच भरत असतील, तर तक्रार खरी आहे आणि यंत्र तंत्रज्ञाकडे जायला हवं. त्याच्याकडे याच कामाचा डिजिटल मॅनोमीटर असतो, पण तोही उत्तर पाण्याच्या सेंटिमीटरातच देतो. दाब कमी भरतो म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आकडा वाढवायचा नाही. तो आकडा डॉक्टरांचा. वजन दहा-बारा किलोंनी कमीजास्त झालं असेल तर तो बदलावाही लागतो, पण तपासणीनंतर.

काही यंत्रं आकडा स्वतःच कमीजास्त करतात, आणि त्यांची ऐकण्याची रीत मला सगळ्यांत अजब वाटते. मोकळ्या घशातून घेतलेल्या श्वासाचा आलेख टेकडीसारखा गोल येतो. घसा आवळू लागला की त्याचा माथा पठारासारखा सपाट होतो. यंत्र तो सपाटपणा ओळखतं आणि घसा मिटण्याआधीच दाब थोडा चढवतं. श्वास थांबलाच तर प्रश्न पडतो: घसा मिटला, की मेंदूने श्वास घ्यायचा हुकूमच दिला नाही? रेसमेड कंपनीची यंत्रं अशा वेळी सेकंदाला चार वेळा, अवघ्या एक सेंटिमीटरच्या दाबाच्या लहरी पाठवून बघतात. लहर आत गेली तर वाट उघडी आहे, दाब वाढवून उपयोग नाही. अडली तर घसा बंद आहे. झोपलेल्या माणसाच्या घशावर अशी टकटक चाललेली असते आणि त्याला पत्ता नसतो. म्हणून गळती मोठी झाली की हे यंत्र बहिरं होतं: सूक्ष्म लहर फुसफुशीत हरवते आणि सकाळच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. याच कंपनीच्या यंत्रात जास्तीची गळती मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की पडदा तसं दाखवतो. बऱ्याच यंत्रांतल्या छोट्या कार्डावर रात्रीचा एकेक श्वास लिहिलेला असतो, आणि ऑस्कर नावाचा मोफत प्रोग्रॅम तो संगणकावर उलगडून दाखवतो.

घरी दुरुस्त न होणारा एक बिघाड मात्र जगभर गाजला. १४ जून २०२१ रोजी फिलिप्सने आपली लाखो यंत्रं परत बोलावली. मोटारीचा आवाज दाबायला आत पॉलियुरेथेनचा फोम लावला होता. तो कालांतराने कुजत होता, त्याचे काळे कण आणि वायू हवेच्या वाटेत येण्याची भीती होती. ओझोनने यंत्र ‘शुद्ध’ करणारी उपकरणं वापरली तर तो लवकर कुजतो असं कंपनीने सांगितलं, आणि जास्त उष्णता व दमटपणाही त्याला हातभार लावतो असंही. दाजीपूरच्या जंगलातून ढग घरात शिरतात त्या भागात हे वाचून कान टवकारायला हवेत. २६ एप्रिल २०२१ च्या आधी बनलेलं त्या कंपनीचं यंत्र असेल, नळीत काळे कण दिसत असतील किंवा रसायनाचा वास येत असेल, तर साफसफाईत वेळ न घालवता डॉक्टरांना फोन करायचा. जुनं यंत्र ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून कुणाकडून घेणाऱ्यांनी तर मागचं लेबल आधी वाचावं.

कोल्हापूरला न्यायची वेळ आलीच तर एकटा डबा नेऊ नका. टाकी रिकामी करून वाळवा आणि अॅडॉप्टर, नळी, मास्क, कार्ड सगळं एका पिशवीत घ्या. दोष बऱ्याचदा घरी राहिलेल्या वस्तूतच असतो आणि दुकानात त्यांच्या नळीवर यंत्र शहाण्यासारखं चालतं. दुरुस्ती होईपर्यंत कुशीवर झोपायचं, उशाकडची बाजू उंच करायची, दारू घ्यायची नाही आणि झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मोडलेल्या झोपेची डुलकी दिवसा कधीही लागू शकते, म्हणून त्या दिवसांत फोंडा घाट उतरायचा असेल तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यायचं.